एफ वन दाबा

जुन्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर येतं ‘कीबोर्ड एरर’, आणि त्याखाली ‘पुढे जाण्यासाठी एफ वन दाबा’. कीबोर्डच सापडत नाही तर एफ वन दाबायचा कुठून, असं म्हणत लोक हसतात. मला ते हसणं कधी पटलं नाही. जुनं मशीन सुरू होताना याहून कामाचं काही विचारत नाही. एफ वन दाबल्यावर मशीन पुढे सरकलं, तर कीबोर्ड जिवंत आहे, वायर शाबूत आहे, जॅकजवळचा फ्यूज उडालेला नाही आणि बोर्डावरचा, कीबोर्डशी बोलणारा ८०४२ कंट्रोलरही ऐकतो आहे. मग दोष शोधायचा तो वेळेत. स्विच टाकल्यानंतरच्या पहिल्या क्षणांत कीबोर्ड आणि मशीन यांची चुकामूक झालेली असते.

या चुकामुकीने मला आयुष्यभर झपाटलं आहे. १९८४ सालच्या आयबीएम एटीपासून कीबोर्ड आणि मशीन यांचं बोलणं दुतर्फा झालं. वीज मिळाली की कीबोर्ड आधी स्वतःला तपासतो, तीनही दिवे एकदा लावतो आणि ‘एए’ हा कोड धाडून मी ठीक आहे असं कळवतो. याला अर्धा-पाऊण सेकंद लागतो. मशीनही त्याला ‘एफएफ’ म्हणजे रीसेटचा हुकूम देऊन उत्तराची वाट पाहतं. पाच व्होल्ट सावकाश चढले, कीबोर्ड उशिरा जागा झाला, की मशीन समजतं इथे कोणी नाही. तोवर कीबोर्ड उठून बसलेला असतो.

अशा वेळी सगळे रीसेट मारतात आणि एरर जाते. जाणारच. रीसेटने वीज तुटत नाही, कीबोर्ड जागाच राहतो. त्या चाचणीतून काही म्हणजे काही कळत नाही. दुसरा कीबोर्ड लावून बघणं त्याहून फसवं. दुसरा जरा कमी व्होल्टेजवर उठणारा निघाला की एरर गायब, आणि चांगला कीबोर्ड भंगारात. या पायी किती टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड फुकट गेले असतील, या विचाराने मला खरंच वाईट वाटतं. आणि आजकालचे काही दुकानदार तर सेटअपमध्ये जाऊन, कोणत्या एररवर थांबायचं हे ठरवणाऱ्या ‘हॉल्ट ऑन’पुढे ‘ऑल, बट कीबोर्ड’ करून पैसे घेतात. कीबोर्ड न लावता चालवायच्या मशीनसाठी ती सोय आहे. दुरुस्ती म्हणून ती खपवणाऱ्याला मी कारागीर म्हणणार नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण एका छापखान्यातलं ४८६ मशीन. लग्नपत्रिकांच्या जुन्या फायली जुन्या फॉन्टमध्ये आहेत, सॉफ्टवेअरचं लॉक प्रिंटरच्या पोर्टात बसतं, म्हणून मालकांनी ते मशीन जपलं आहे. थंडीत रोज सकाळी पहिल्यांदा एरर, एफ वन दाबला की सुरळीत, दिवसभर तक्रार नाही. पहिला संशय बोर्डावरच्या पिंपासारख्या बॅटरीवर. निकेल-कॅडमियमची ती बॅटरी बहुतेकदा कीबोर्डच्या जॅकशेजारीच असते आणि गळली की तांब्याच्या रेघा खाते. पण इथे ती मीच पूर्वी काढलेली होती. जॅकच्या पिना लख्ख होत्या.

मशीन रात्रभर बंद ठेवायला लावलं आणि सकाळी काट्याचा मीटर घेऊन गेलो. एक टोक जॅकच्या चौथ्या पिनेला, दुसरं पाचव्या पिनेला. डिजिटल मीटरवर अशा वेळी आकडे नुसते नाचतात, काटा चाल दाखवतो. स्विच टाकला. काटा चारापर्यंत झपकन गेला आणि तिथून पुढे रेंगाळत चढला. बंद करून लगेच पुन्हा टाकला, तर सरळ पाचावर. एसएमपीएसमधले, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या पेटीतले, कपॅसिटर सुकले होते. थंड असले की ते आणखी आळशी होतात, जरा तापले की काम करतात.

निदान माझं. पण माझ्या उजव्या हाताला कंप सुटला आहे. एसएमपीएसच्या पेटीत मोठ्या कपॅसिटरवर बंद केल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट टिकून राहू शकतात, तिथे थरथरता हात घालता येत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीने तो आधी डिस्चार्ज केला, मीटर लावून खात्री केली आणि मग पाच व्होल्टच्या बाजूचे फुगलेले कपॅसिटर काढले. ‘‘काका, उजेड जरा इकडे धरा,’’ म्हणाली. मी टॉर्च धरून बसलो. नव्या कपॅसिटरला तिने डाग दिला तो एका दमात, शिसं पिनेभोवती चकचकीत उतरलं, खाली थेंब नाही. तसा डाग ही माझी ओळख होती. गावातले बाकीचे मेकॅनिक माझं काम उलटं करून बघायचे, आणि त्यांनी बघावं म्हणून मी ते तसं करायचो. तिचा डाग बघताना मला आनंद झाला आणि हेवाही वाटला. हेवा जास्त होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एरर आली नाही. ‘हॉल्ट ऑन’ची सेटिंग तिने ‘ऑल एरर्स’वरच ठेवली आहे, म्हणजे पुन्हा काही बिघडलं तर मशीन बोलेल. मालक फोनवर म्हणाले, ‘‘तुमचा हात म्हणजे हात.’’ तो हात कोणाचा, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.