यंत्राची हजेरी

गतवर्षीं आम्ही ओहायोंत चिरंजीवांकडे राहिलों, तेव्हां त्यांचा उद्योग जवळून पाहिला. जुनीं घरें घ्यावयाचीं, डागडुजी करून विकावयाचीं. तेथें घरमालकांचीं नांवें व कराची थकबाकी सरकारी दप्तरांत कोणासही पाहतां येते. ती यादी संगणकांत घातली, कीं ‘घर विकावयाचें आहे काय?’ अशीं पत्रें आपोआप निघतात, अक्षरही हस्तलिखितासारखें! उत्तर आल्यास त्याची नोंद होऊन पत्रें थांबतात. न आल्यास ठराविक दिवसांनीं पुढचें जातें.

एके दिवशीं एका वृद्धेचा दूरध्वनि आला. दिवंगत पतीच्या नांवें तिला हें तिसरें पत्र! चिरंजीव खजील झाले. आम्ही म्हणालों, “बाळ, आम्हीं चाळीस वर्षें हजेरी घेतली, पण गैरहजर मुलाच्या घरीं काय घडलें, हें हजेरीपटानें कधीं सांगितलें नाहीं. तें विचारावयास जावें लागे.”

त्याच रात्रीं त्यांनीं तें नांव यादींतून काढलें आणि स्वहस्तें क्षमापत्र लिहिलें. घराचा विषय त्यांत नव्हता. आतां प्रत्येक यादी ते प्रथम स्वतः वाचतात; यंत्रास आज्ञा मागाहून.