वाऱ्याला वाट

वारा चढतोय हे मला आधी दातांत कळलं. डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारांचा एक सूर असतो. तो दिवसभर गुणगुणत राहतो, मग बोटभर वर सरकतो, आणखी वर सरकतो, आणि केव्हातरी ध्यानात येतं की आपण कधीपासून जबडा आवळून बसलो आहोत. गोव्याहून पोर्ट लुईकडे निघालेली आमची शिडाची होडी विषुववृत्त ओलांडून आग्नेय व्यापारी वाऱ्यांत शिरली होती. चागोसची बेटं पूर्वेला कुठंतरी, दूर. या पट्ट्यात हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, इतक्या नेमानं की वायुभारमापकाचा काटा श्वास घेतोय असं वाटावं. त्या दुपारी तो उतरला, आणि संध्याकाळ उलटली तरी वर आला नाही.

मग अंधार पडला आणि समुद्राचा नुसता आवाज उरला. दोन लाटांमधल्या घळीत वारा अचानक तुटायचा, शीड सैल पडायचं, कानांत पोकळी भरायची. आणि त्या फसव्या निवाऱ्यात जरा हायसं वाटेपर्यंत खालून काहीतरी अवाढव्य उठायचं, होडीला उचलून वर न्यायचं, माथ्यावर वाऱ्याच्या तोंडी द्यायचं, आणि पाण्याचा हिरवट चमकता लोट पायांवरून, मांड्यांवरून, गळपट्टीतून आत, थेट पोटापर्यंत.

मीठ. सगळीकडे मीठ.

खाली केबिनमध्ये डिझेलचा वास, ओल्या लोकरीचा वास, कुणीतरी सांडलेल्या लोणच्याचा वास. झुलत्या शेगडीवरचा कुकर तेवढा सरळ, तिरके आम्ही. अशा रात्री ऐकलेल्या गोष्टी आठवू नयेत, आणि नेमक्या त्याच आठवतात. 2018 च्या सप्टेंबरात, याच महासागराच्या फार खालच्या दक्षिण अंगाला, गोल्डन ग्लोब शर्यतीत एकटेच निघालेल्या अभिलाष टॉमींची ‘थुरिया’ लाटांनी लोळवली. डोलकाठी मोडली, पाठ जायबंदी झाली, आणि मासेमारीवर गस्त घालणारं एक फ्रेंच जहाज येईपर्यंत तीन दिवस ते त्या मोडक्या होडीत पडून होते. त्यापुढे आमचा वारा म्हणजे पोरखेळ. पण पोटाला हा हिशेब पटत नाही.

मध्यरात्रीनंतर कप्तानानं होडी थांबवायचं ठरवलं. मोठं शीड आवळून ओंजळीएवढं केलं, पुढचं छोटं शीड मुद्दाम उलट्या बाजूला ताणून बांधलं आणि सुकाणू दोरीनं जखडून टाकलं. पुढचं शीड नाळ वाऱ्यापासून दूर लोटतं, सुकाणू तिला पुन्हा वाऱ्याकडे आणतं, आणि या ओढाताणीत होडी कुठं म्हणून जात नाही. वाऱ्याखाली आडवी, सावकाश घसरत राहते. माझे हात अजून सुकाणूकडेच होते. मालवणचा आमचा सोबती वर आला, मला बाजूला सारलं आणि म्हणाला, “आता होडीक काय करूचा हा ता करूंदे. तू च्या पी.”

चहा हातात घेऊन मी वाऱ्याच्या अंगाला टॉर्च मारला. होडी घसरत होती त्याच्या उलट बाजूला, तिच्या मागं, पाण्याचा एक पट्टा तयार झाला होता, भोवऱ्यांनी घुसळलेला, वरून तेलकट गुळगुळीत. फुटत येणारी लाट त्याच्या काठाशी आली की तिचा पांढरा माथा डळमळायचा, फेस बसायचा, आणि ती नुसती उंच होऊन आमच्या खालून निघून जायची. होडी जेवढी मागं हटत होती तेवढीच तिची ढाल रुंद होत होती.

मला आजी आठवली. आषाढातलं वादळ आलं की ती पुढची दारं-खिडक्या लावून घ्यायची आणि मागचं दार सताड उघडं टाकायची. आम्ही ओरडायचो, पाणी आत येतंय म्हणून. ती म्हणायची, येऊ दे, पुसता येईल. छप्पर कोण आणून देणार? मग पदर खोचून, चुलीपाशी, उघड्या दाराकडे पाठ करून भाकऱ्या थापत बसायची, आणि घरभर पिशासारखा फिरणारा वारा परड्यात निघून जायचा.

खाली उतरलो, ओल्या कपड्यांसकट फळीवर पडलो. तारांचा सूर तोच होता. जबडा मात्र सुटला होता.

उजाडल्यावर काटा वर चढलेला दिसला. वारा व्यापारी वाऱ्यांच्या नेहमीच्या तालावर आला होता, आणि आता शिडं मोकळी करून निघायला हवं होतं. कप्तानानं दोनदा हाक मारली. पाळी कुणाची, यावर आम्ही बराच वेळ भांडत राहिलो.