मागील बाकी

आमचे ईट हे भूम तालुक्यातले, धाराशिव जिल्ह्यातले गाव. इकडे दूध आणि खवा यांवर पुष्कळ घरांच्या चुली पेटतात. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी एका दूध संकलन केंद्राची वही लिहीत असे. पुण्याच्या पुतण्याला माझी कीव आली. त्याने केंद्राच्या संगणकावर हिशोबाची व्यवस्था बसवून दिली.

"काका, आता काही करायला नको. सर्व्हर सुरू झाला की डेटाबेस आपोआप मांडला जाईल. तक्ते, रकाने, सारे तयार!"

आयते कुणाला नको असते? मी वही मिटली.

गेल्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या रात्री वीज गेली. पुढे बॅटरीही दमली. सकाळी यंत्र सुरू केले. तक्ते होते, रकाने नीटनेटके होते; आत मात्र एकही आकडा नव्हता. दहा दिवसांचे दूध नाहीसे झाले होते, आणि पैसे दिवाळीपूर्वी वाटायचे होते!

पुतण्या फोनवर ओशाळला. 'हायबरनेट' नावाच्या साधनाला दिलेल्या एका ओळीत 'क्रिएट' हा शब्द राहून गेला होता. त्याचा अर्थ, सुरू होताच जुने तक्ते पाडा आणि नवे उभारा. शिकाऊ कामाला ही कोरी पाटी सोयीची. चालत्या हिशोबाला 'व्हॅलिडेट' बरे. ते रचना जुळते का एवढेच पाहते आणि न जुळल्यास पुढे जात नाही. मांडणी बदलायची तर ती माणसाने समजून-उमजून बदलावी.

लोकांनी चिठ्ठ्या आणल्या, मी पुन्हा वही उघडली. एका म्हाताऱ्या मावशींजवळ मात्र चिठ्ठ्या नव्हत्या.

"पुरावा काय, मावशी?" मी विचारले. आजही तो प्रश्न मला टोचतो.

"मास्तर, म्या भितीवर कोळशानं रेघा मारल्यात. त्या कुनी पुसल्या न्हाईत."

मी गेलो, रेघा मोजल्या. मग शीतकेंद्राच्या पावत्यांतून इतरांचे दूध वजा केले. जे उरले ते मावशींच्या रेघांशी बरोबर जुळले. त्यांचे पैसे मी स्वतः नेऊन दिले. मान मात्र वर करवली नाही.

हाताने केलेले सारे चांगले, असे मी म्हणणार नाही. वहीत रकाने आखायला मी कितीदा विसरलो आहे! पहिल्या दिवशी आपोआप मांडणी होणे हे सुखच. पण आधी काही लिहिलेले आहे का, हे पाहिल्याशिवाय पाटी पुसणे हा उद्दामपणा.

लक्ष्मीपूजनाला आपण नव्या वहीवर 'श्री' काढतो. पण पहिल्या पानावर 'मागील बाकी' लिहिल्याशिवाय कोणताही शहाणा दुकानदार वही चालू करीत नाही. पुतण्याने ती ओळ बदलली आहे. मीही रोज संध्याकाळी एक प्रत वहीत उतरवतो.

आणि मावशी? त्या अजून रेघा मारतात. मी त्यांना थांबवलेले नाही.