ग्रेसचे गुण आणि देवाची कृपा

शाळेत असताना ‘ग्रेस’ हा शब्द मी किती वेळा वापरला असेल याची गणती नाही. वार्षिक परीक्षा झाली, पेपर तपासून झाले की मुख्याध्यापकांच्या खोलीत निकालाची बैठक बसायची. पुढ्यात निकालपत्रके, हातात लाल पेन आणि मध्ये चहाचे कप. पास व्हायला ३५ गुण हवेत. कुणाला गणितात ३१, कुणाला इंग्रजीत ३२. मग कुणीतरी म्हणायचे, “सर, हजेरी चांगली आहे त्याची. द्या चार ग्रेस, जाऊ द्या वर.” सगळ्यांनी माना डोलावल्या की मुलगा वरच्या वर्गात गेला!

पण या दयेलाही एक सीमा होती. ३१ वाल्याला ग्रेस मिळायचे, १२ वाल्याला नाही. त्याचे नाव आले की खोलीत कुणी काही बोलायचे नाही. पान उलटले जायचे. नियमच तसा होता आणि शाळा चालवायची तर नियम हवेतच. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

गंमत अशी की, आपण मराठी ख्रिस्ती लोक ज्याला ‘कृपा’ म्हणतो त्यालाही इंग्रजीत हाच शब्द आहे. आणि कितीतरी भाविकांच्या मनात देवाच्या कृपेचे चित्र त्या निकालाच्या बैठकीसारखेच असते. माणसाने आपल्या कष्टाने, प्रार्थनेने, दानधर्माने एकतीसपर्यंत यायचे आणि उरलेले चार गुण देवाने घालायचे. ऐकायला हे वाजवी वाटते. पण शुभवर्तमान वाचू लागले की हे गणित जुळत नाही. तिथे देव नेमका त्या १२ वाल्याच्या नावावर थांबतो. पान उलटत नाही.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला आहे. आपण तो अनेकदा ऐकला आहे, पण तो येतो कुठे हे पाहण्यासारखे आहे. त्याच्या आधी, एकोणिसाव्या अध्यायाच्या शेवटी पेत्राने प्रभूला विचारले आहे की, आम्ही सगळे सोडून तुझ्यामागे आलो, तर आम्हाला काय मिळणार? म्हणजे प्रश्न हिशेबाचा आहे. त्याच्या उत्तरात हा दाखला येतो.

मळ्याचा धनी पहाटे बाजारात जातो, एक दिनार रोज ठरवून माणसे लावतो. एक दिनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. मग तिसऱ्या तासाला, म्हणजे आपल्या नऊच्या सुमारास तो पुन्हा जातो. बाराला जातो, तीनला जातो आणि शेवटी अकराव्या तासाला, म्हणजे संध्याकाळी पाचलाही जातो. दिवस मावळायला तास उरलेला असतो. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखाच एक दिनार पडतो. दिवसभर उन्हात राबलेले कुरकुरतात.

वर्गात हा दाखला सांगितला की मुले हमखास म्हणायची, “सर, हा अन्याय आहे!” मी त्यांना विचारायचो, “पहाटेच्या गड्याला ठरल्यापेक्षा कमी मिळाले का?” नाही. “मग अन्याय कुणावर झाला?” मुले गप्प बसायची, पण पटलेले नसायचे. मोठ्यांनाही पटत नाही. आपल्याला कमी मिळाल्याचे दुःख एक आणि दुसऱ्याला फुकट मिळाल्याचे दुःख दुसरे. हे दुसरे दुःख फार चिवट असते.

या दाखल्यात मला दोन गोष्टी विशेष वाटतात. पहिली अशी की, त्या धन्याकडे कारभारी आहे. संध्याकाळी मजुरी वाटायला तो कारभाऱ्यालाच सांगतो. पण माणसे आणायला मात्र पाचही वेळा स्वतः जातो. दुसरी गोष्ट, पाच वाजता उभ्या असलेल्या माणसांना तो विचारतो की, तुम्ही दिवसभर रिकामे का उभे आहात? ते आळशीपणाचे कारण सांगत नाहीत. आम्हाला कुणी कामावर घेतलेच नाही, एवढेच सांगतात.

त्या उत्तराचे वजन समजून घ्यायचे असेल तर आपल्या गावातल्या मजूर नाक्यावर सकाळी जावे. साडेसात-आठला तिथे गर्दी असते. गवंडी थापी घेऊन, रंगारी ब्रश-डबा घेऊन, बाया घमेली घेऊन उभ्या असतात. मुकादम येतो, दंड पाहतो, वय पाहतो, पटापट माणसे टेम्पोत बसवतो. अकरा वाजता पुन्हा जावे. कोण उरलेले असते? म्हातारा, लंगडणारा, दम लागणारा, कडेवर पोर असलेली बाई. त्यांची भूक मात्र सकाळी निवडल्या गेलेल्यांएवढीच असते. घरी पीठ तेवढेच लागते. धन्याने त्यांना तासाची मजुरी दिली असती तर हिशेब बरोबर झाला असता, पण चूल पेटली नसती. त्याने हिशेबापेक्षा चुलीचा विचार केला. कृपा म्हणजे काय, हे मला एवढ्यात कळते.

आपल्या मराठी मंडळीत हे ज्यांना खोलवर उमगले त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव घ्यावे लागेल. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. विद्वत्ता अफाट. पण पुढे आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे की, आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त मात्र आठेक वर्षांनी भेटला. कृपा कमवायची नसते, घ्यायची असते, हे उमगायला संस्कृत पंडितेलाही एवढी वर्षे लागली. आणि उमगल्यावर त्या हात जोडून बसल्या का? १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि कुणालाच नको असलेल्या मुली-बायकांना केडगावला घेऊन आल्या. तेच पुढे मुक्ती मिशन झाले. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल असावे म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या आणि ते संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. अकराव्या तासाला बाजारात स्वतः जाणाऱ्या धन्याच्या मागे चालणे म्हणजे शिष्यत्व, हे त्यांच्याकडे पाहून समजते.

म्हणजे कृपा फुकट आहे, पण स्वस्त नाही. जर्मनीचे पाळक दीत्रिख बोनहॉफर यांनी १९३७ साली शिष्यत्वावर पुस्तक लिहिले, त्यात स्वस्त कृपा आणि मोलाची कृपा असा फरक केला आहे. हिटलरच्या राजवटीला विरोध केल्याबद्दल ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी झाली. त्यांनी ते मोल स्वतःच्या जिवाने दाखवून दिले.

आपल्यासारख्या सामान्य माणसांच्या वाट्याला अशी मोठी परीक्षा सहसा येत नाही. आपली परीक्षा घरातच असते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या हिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणे अडखळते. ज्या बाईने चाळीस वर्षे शब्बाथ शाळा चालवली, नाताळात महिला मंडळाबरोबर घरोघर करंज्या पोचवल्या, कुणाच्या घरी मयत झाले तर पहिला चहा हिच्या घरून गेला, तिला आता पाण्याचा पेलाही उचलत नाही. सकाळी मी तिचे तोंड धुतो, वेणी घालतो (वेणी अजून वाकडीच येते), पाय धुऊन पुसतो. मंडळीतले लोक भेटले की, “सलाम सर,” म्हणतात आणि पुढे हमखास म्हणतात, “किती सेवा करता! देव याचे फळ देईल.” त्यांचा हेतू चांगलाच असतो. मी हसून पुढे जातो. पण मनात येते, पुन्हा तोच हिशेब आला की! माझ्या नावावर गुण जमा होत आहेत, मग हिच्या नावावर काय होते आहे?

कारण हिचाही तोच प्रश्न आहे. एका दुपारी ती मला थांबत थांबत म्हणाली, “अहो, मी आता कशाच्या उपयोगाची? देवाने मला कशाला ठेवलंय?”

आयुष्यभर मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देणारा मी. या प्रश्नाला फळ्यावर लिहून देता येईल असे उत्तर नाही. तिच्या उपयोगाच्या चार गोष्टी मोजून दाखवाव्या असे मला क्षणभर वाटले. पण तसे केले असते तर उपयोग हीच माणसाची किंमत, हे मी कबूल केल्यासारखे झाले असते. मी तिला पाच वाजता बाजारात उभ्या असलेल्या माणसांची गोष्ट सांगितली. तिला ती माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, “त्यांनी निदान एक तास तरी काम केलं.”

आहे की नाही शब्बाथ शाळेची बाई!

तिचे म्हणणे खरे आहे. पण तो एक तास दिनाराच्या मोलाचा नव्हता, हेही तितकेच खरे. तो दिनार त्यांच्या कामासाठी नव्हताच, त्यांच्यासाठी होता. आणि वधस्तंभावर खिळलेल्या त्या चोराने तर एक तासही काम केले नव्हते. त्याचे हातसुद्धा मोकळे नव्हते. तरी त्याच दिवशी सुखलोकात आपल्यासोबत असशील, असे वचन प्रभूने त्याला दिले. मी तिला हे सांगितले. ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. मग डाव्या हाताने माझा हात धरला. पटले की नाही ते मी विचारले नाही.

वाचकहो, देवाचे प्रेम हा व्यासपीठावरून बोलायला सोपा विषय आहे. ज्याला काहीच परत देता येत नाही अशा माणसाजवळ बसले की तो अवघड होतो, आणि तिथेच खरा होतो. आपल्या घरात, शेजारी, मंडळीच्या शेवटच्या बाकावर असे कुणी ना कुणी असतेच, ज्याला वाटते की आता आपल्याला कुणी बोलावणार नाही. त्याच्याकडे कारभाऱ्याला पाठवू नये. आपण स्वतः जावे. तासभर दिवस उरलेला असला तरी चालेल.