पल्याडच्या मोटारी

काशीस जावे, नित्य वदावे, असे म्हणत मराठी माणूस शतकानुशतके काशीला गेला. पायी गेला, बैलगाडीने गेला, पुढे आगगाडीने गेला. मोटारीने गेलेल्यालाही शेवटचा टप्पा मात्र पायीच काढावा लागतो. गोदौलियाच्या आसपास कुठेतरी वाहन सोडायचे आणि गल्लीत शिरायचे, हा या नगरीचा दंडक आहे. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या भागांत ज्या मराठी घराण्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांच्या दारात मोटार कधी उभी राहिली नाही. एखादा सांड आडवा उभा राहिला की तिथली गल्ली संपते. अशा शहरात मोटारींवर जीव जडलेल्या माणसांनी एकत्र जमायचे ठरवले, तर पहिला प्रश्न कोणाकोणाला बोलवायचे हा नसतो. गाड्या उभ्या कुठे करायच्या, हा असतो.

माणसे जमवणे बनारसला कोणी शिकवायला नको. अस्सीवरच्या चहाच्या दुकानांतली बैठक, जिला तिथे ‘अडी’ म्हणतात, ती निमंत्रणाशिवाय भरते आणि अध्यक्षाशिवाय चालते. काशीनाथ सिंह यांच्या ‘काशी का अस्सी’ने ती हिंदी साहित्यात अजरामर केली. तिच्याहून जुनी प्रथा ‘बहरी अलंग’ची. अलंग म्हणजे बाजू. गावाची वर्दळ मागे टाकून बाहेरच्या बाजूला, बहुधा गंगेपल्याड, चार स्नेह्यांनी जावे, अंगाला तेल चोळावे, मनसोक्त डुंबावे, भांग घोटावी, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर बाटी भाजावी आणि दिवस कलताना परतावे. या उपक्रमाला उद्देश नसतो, आणि उद्देश विचारणारा माणूस बनारसी नसतो. मोटारप्रेमींच्या अनौपचारिक मेळाव्याला याहून उत्तम नमुना शोधून सापडणार नाही.

मोटारींचे मेळावे जगात अन्यत्र मात्र उद्देशाने जन्मले. १४ नोव्हेंबर १८९६ रोजी लंडनहून ब्रायटनकडे मोटारींचा जो काफिला निघाला, तो कायद्यातील बदलाचा उत्सव होता. मोटारीच्या पुढे माणसाने चालत राहिले पाहिजे, ही अट तेव्हा रद्द झाली होती. (गोदौलियाच्या चौकात ती अट आजही काटेकोरपणे पाळली जाते, पण ते असो.) आपल्याकडे दिल्लीत ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राची जुन्या मोटारींची फेरी १९६४ साली सुरू झाली. तिथे परीक्षक आले, गुण आले, चषक आले. चषकाबरोबर झिलईही आली. गाडी किती खरी यापेक्षा ती किती चकाकते, याला मोल आले. स्पर्धेने पुष्कळ गाड्या वाचवल्या, हे कबूल केलेच पाहिजे. पण स्पर्धेतला मालक शेजारच्या गाडीकडे स्नेहाने पाहू शकत नाही.

दुसरे टोक गंगेपल्याडच आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास राजा बलवंतसिंह यांनी चुनारच्या दगडात बांधलेल्या रामनगरच्या किल्ल्यात, सरस्वती भवन या संग्रहालयात, मेणे, पालख्या आणि हौदे यांच्या जोडीला जुन्या अमेरिकी मोटारी उभ्या आहेत. मेणा स्थिर उभा असला तरी मेणाच राहतो, कारण त्याची गती त्याच्या बाहेरची, भोयांच्या खांद्यांतली. मोटारीची गती तिच्या पोटात असते. वर्षानुवर्षे इंजिन न फिरलेली मोटार पाहताना म्हणून काहीतरी अवघडल्यासारखे होते. याच रामनगरात महिनाभर चालणारी रामलीला एका रंगमंचावर मावत नाही. प्रसंग बदलला की हजारो प्रेक्षक उठून पुढच्या स्थळी चालत जातात. चालणाऱ्या मेळ्याच्या गावी मोटारी तेवढ्या थांबलेल्या आहेत.

यात कायद्याने अलीकडे एक विलक्षण भर घातली आहे. केंद्र शासनाच्या २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या, मूळ सांगाडा आणि इंजिन राखलेल्या खासगी गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. ती मिळाली की गाडी रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, फेरी, संशोधन, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर पडू शकते. म्हणजे मेळावा हा अशा गाडीच्या दृष्टीने करमणुकीचा विषय उरलेला नाही. मेळावा भरला नाही तर तिला बाहेर पडायला निमित्तच नाही. मग रामनगरचे दालन आणि घरचे गॅरेज यांत अंतर ते काय राहिले?

आणि पन्नाशी न गाठलेल्या गाडीचे काय? ती म्हातारी खरी, पण वंदनीय नव्हे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तिला खेटे घालावे लागतात. महाराजांच्या मोटारीला दालन मिळते. मध्यमवर्गाच्या मोटारीला बहुधा भंगारवाला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची ‘पद्मिनी’ मुंबईच्या टॅक्सीतळांवरून ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली. हे नाव मिरवणाऱ्या पहिल्या गाड्या आता कुठे पन्नाशीच्या आसपास आल्या आहेत. उत्तरपाड्याची ‘अँबॅसडर’ २०१४ साली थांबली. बनारसच्या स्थानकाबाहेर यात्रेकरूंची वाट पाहत उभ्या राहणाऱ्या तिच्या पांढऱ्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांना त्या रांगा कोणत्याही संग्रहालयात भेटणार नाहीत. अनौपचारिक मेळाव्याचे खरे मोल इथे आहे. त्याच्या दाराशी गाडीचे वय विचारले जात नाही.

मात्र अनौपचारिकतेलाही कोणीतरी राबावे लागते, आणि तो राबणारा दिसता कामा नये. वेळ हिवाळ्याची हवी, कारण उन्हाळ्यात जुन्या गाडीच्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि इंजिनाच्या पंपावर ओले फडके ठेवून बसावे लागते. धुके विरल्यावरची सकाळ हवी, पण ‘मलइयो’ संपण्याआधीची. दुधाच्या फेसाचे ते पक्वान्न उन्हे चढली की उरत नाही. सावली हवी, पाणी हवे, आणि हातात पाना घेतल्याशिवाय मत न देणारा एक वृद्ध मिस्त्री हवा. भाषणे नकोत. बोलण्याला विषय पुरेसे असतात: वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल जुन्या रबरी नळ्यांना कसे सोसत नाही, पत्नीला न सांगता कार्ब्युरेटर कुठून मागवला, वडिलांनी गाडी विकली तो दिवस. हा शेवटचा विषय कोणी काढला, की बाकीचे बॉनेटमध्ये डोकावू लागतात.

निघण्याच्या वेळी एखादी गाडी सुरू होत नाही. चोक ओढून होतो, सेल्फ कुरकुरतो, हँडल मारून दंड भरून येतात. मग दहाबारा जण, ज्यांतले निम्मे सकाळपर्यंत अनोळखी होते, मागे उभे राहून धक्का देतात. गाडी खोकते, धूर सोडते आणि चालू पडते, तेव्हा जो ओरडा होतो तो चषक देताना होत नाही.

१८८७ साली वाहतुकीस खुल्या झालेल्या राजघाटच्या पुलावरून परतताना खालून आगगाडी धडधडत जाते आणि उजेड मावळत असतो. दुर्गाघाटावर राहणारा गडी गल्लीच्या तोंडापासून बऱ्याच दूर, भाड्याच्या शेडमध्ये गाडी लावतो, तिच्यावर ताडपत्री ओढतो आणि किल्ली खिशात टाकून अंधारी गल्ली चालू लागतो. हातांना पेट्रोलचा वास येत असतो. घाटाच्या पायऱ्यांवर बसून तो माती लावून हात धुतो, पण वास सहजी जात नाही.