पुस्तकांच्या गांवीं दोन दिवस

महाबळेश्वरास जाणारे बहुतेक प्रवासी पांचगणीचें टेबललँड पाहून तसेच पुढें निघतात. या दोन स्थळांच्या दरम्यान भिलार नांवाचें एक लहानसें गांव आहे. तिकडे पूर्वीं वळलाच कोणी, तर स्ट्रॉबेरीची पेटी घेण्यापुरता. ४ मे २०१७ रोजीं मात्र या गांवास ‘पुस्तकांचें गांव’ असें नवें अभिधान प्राप्त झालें. महाराष्ट्र शासनाच्या मराठी भाषा विभागानें राज्य मराठी विकास संस्थेमार्फत व गांवकऱ्यांच्या सहकार्यानें तेथील २५ ठिकाणीं सुमारें १५,००० मराठी पुस्तकें ठेविलीं. कोणाच्या ओसरीवर कथा, कोणाच्या माडीवर कविता, कोठें संतसाहित्य, कोठें चरित्रें, कोठें बालवाङ्मय, अशी घरोघर वांटणी झाली. पुढें ठिकाणें वाढलीं व पुस्तकेंहि वाढलीं.

ही कल्पना वेल्स प्रांतांतील हे-ऑन-वाय या गांवावरून सुचली, हें वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. तेथें रिचर्ड बूथ या गृहस्थानें जुन्या पुस्तकांचें दुकान मांडलें आणि पाहतां पाहतां सारें गांवच ग्रंथविक्रेत्यांचें झालें. भिलारचा मार्ग याहून निराळा आहे. येथें पुस्तकें विकावयाचीं नसून वाचावयाचीं आहेत. आपण दारांत जावें, जोडे काढावे, कपाटांतून हवें तें पुस्तक घ्यावें आणि खुर्चीवर बसून वाचावें. कोणी मूल्य मागत नाहीं. ग्रंथालयांत बसलेला मनुष्य आणि परक्याच्या घरीं बसून वाचणारा मनुष्य यांत किती अंतर असतें, तें पाहावें, या इच्छेनें आम्ही गेल्या माघांत तेथें गेलों.

आम्ही म्हणजे मी, सूनबाई आणि दहा वर्षांचा नातू. या त्रयींतील तिसऱ्याची थोडी हकीकत सांगणें अवश्य आहे. चिरंजीव इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत जातात. मराठी बोलण्यांत कोणास हार जाणार नाहींत. परंतु छापील मराठीचें पान पुढें आलें कीं एकेक अक्षर लावीत बसतात, आणि दुसऱ्या ओळीपर्यंत पहिलीचा अर्थ हरवलेला असतो. हें दुखणें केवळ आमच्याच घरचें नव्हे. ज्या घरांत पणजोबांच्या पोथ्या माळ्यावर आहेत, अशा किती घरांत आज त्या उघडून वाचूं शकेल असें दहा वर्षांचें मूल आहे, हें वाचकांनीं आपल्याच मनास विचारावें.

पुण्याहून एस. टी.नें वाईस आलों. कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीचें दर्शन घेतलें. ज्या गांवीं तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनीं मराठी विश्वकोशाचा संसार उभा केला, तेथून पुस्तकांच्या गांवीं जाणें हा क्रम मला फार समर्पक वाटला. पुढें पसरणीचा घाट चढतांच हवेंत गारवा आला. भिलारच्या शिवारांत स्ट्रॉबेरीचे वाफे पिकले होते आणि घरांच्या भिंतींवर, त्या त्या घरीं कोणतें वाङ्मय आहे तें सुचविणारीं रंगीत चित्रें होतीं.

प्रथम मी कथांच्या घरीं गेलों. हातीं आलें तें व्यंकटेश माडगूळकरांचें ‘माणदेशी माणसं’. पुस्तक १९४९ चें, पूर्वीं वाचलेलें. परंतु स्थळ बदललें कीं वाचन बदलतें, याचा प्रत्यय तेथें आला. ज्या सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस हा महाबळेश्वरचा मुसळधार पाऊस, त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस माण तालुका आहे, आणि तेथें मेघ बहुधा तोंड दाखवूनच परत जातो. हिरव्या डोंगरउतारावर बसून त्या कोरड्या मुलुखांतील माणसांविषयीं वाचतांना प्रत्येक वाक्यांतील काटकसर अधिक जाणवते. जेथें पाणीच जपून वापरावें लागतें, तेथील लेखकानें शब्द तरी कसे सांडावे? ‘झेल्या’ वाचतांना तर मी बराच वेळ पुढें गेलों नाहीं. शाळेंत न रुळणारें पोर आणि त्याचा तरुण मास्तर! माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरींतील असे झेल्ये मला अजून हजेरीपटाच्या क्रमानें आठवतात. ते पुढें कोठें गेले, हें मात्र कोणत्याच हजेरीपटांत लिहिलेलें नसतें.

त्याच कपाटांत जी. ए. कुलकर्णी यांचें ‘काजळमाया’ होतें. १९७२ सालीं निघालेल्या या संग्रहास साहित्य अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला होता. यांतील दुःख माडगूळकरांच्या माणसांच्या दुःखासारखें नाहीं. तेथें दुष्काळ दिसतो, सावकार दिसतो. येथें मात्र मनुष्यास कोण छळतें, हेंच कळत नाहीं. एक कथा वाचून मी पुस्तक मिटलें. अशी कथा एका बैठकींत एकच वाचावी आणि मग तिला बरोबर घेऊन गांवाबाहेर फिरून यावें.

दुसऱ्या दिवशीं कवितांच्या घरीं गेलों. घरच्या वृद्ध मावशी ओसरीवर पावटे सोलीत बसल्या होत्या. मीं बहिणाबाई चौधरींचा संग्रह काढला. कविता मनांत वाचण्याची मला संवय नाहीं; संस्कृत पाठशाळेंत लागलेलें वळण मोडत नाहीं. म्हणून हळूच, परंतु मोठ्यानें, वाचूं लागलों. दोन-तीन कविता होतांच पावटे सोलणें थांबलें.

“कुनाची हो ही गानी, गुरुजी?”

मीं सांगितलें, “खानदेशांतल्या एका शेतकरणीचीं. तिला लिहितां-वाचतां येत नव्हतें. शेतांत, जात्यावर ती म्हणे आणि घरचीं माणसें उतरून घेत. १९५१ सालीं ती वारली. पुस्तक निघालें तें त्यानंतरच्या वर्षीं.”

“मला बी न्हाई येत वाचाया,” मावशी म्हणाल्या, “ही कपाटं आल्यापासनं रोज पुसतीया. आत काय हाय ते आज कळलं. आनि एक म्हना.”

भाषा खानदेशी, ऐकणारी साताऱ्याकडची. तरी एकहि शब्द त्यांस अडला नाहीं. उलट जात्याचें वर्णन आलें तेव्हां त्यांनीं आपल्या सासूची एक ओवी म्हणून दाखविली. ती कोणत्याच कपाटांत नव्हती. सूनबाईंनीं ती तेथेंच लिहून घेतली.

कपाटांत मर्ढेकरहि होते. त्यांच्या १९४७ च्या ‘कांहीं कविता’ मी मावशींपुढें वाचल्या नाहींत. परंतु स्वतःशीं वाचतांना जाणवलें कीं, यंत्रांनीं व गर्दीनें भरलेल्या शहराचें दुःख सांगावयास या कवीनें ओवी-अभंगाचाच आधार घेतला. घाटावरची ओवी आणि मुंबईची ओवी एकाच जात्याची, हें त्या घरीं अधिक स्पष्ट झालें.

आतां चिरंजीवांकडे वळूं. बालवाङ्मयाच्या घरीं पुस्तकांची रेलचेल असतां यांनीं पिशवींतून काढलें तें पुण्याहून आणलेलें ‘चिंटू’चें पुस्तक. चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका १९९१ पासून वृत्तपत्रांत येऊं लागली. चित्रें वाचकाच्या कल्पनेचें काम हिरावून घेतात, असें माझें मत आहे व तें मीं सूनबाईंस सांगितलें. त्या म्हणाल्या, “बाबा, तो मराठी वाचतोय. आधीं वाचूं द्या, मग वाद घालूं.” मी शेजारीं बसून पाहत राहिलों. एके ठिकाणीं जोडाक्षर अडलें. मुलानें क्षणभर चित्रांतील चिंटूच्या मुद्रेकडे पाहिलें आणि शब्द बरोबर उच्चारला. अर्थ आधीं कळला, अक्षर मागून आलें. पाठ्यपुस्तकांत नेमका याच्या उलट क्रम असतो.

आणि चित्रांसह कथा ही कांहीं परदेशची आयात नव्हे. बाराव्या शतकांतील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत चित्रकथकाचा उल्लेख आहे. सिंधुदुर्गांतील पिंगुळी येथें ठाकर समाजानें चित्रकथीची परंपरा आजवर जपली असून तेथील परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री जाहीर झाली. मात्र चित्रकथी चित्रें नुसतीं दाखवीत नाहीं, तो कथा गाऊन सांगतो. चित्राच्या जवळ सांगणारा मनुष्य असावा लागतो. हा माझा आग्रह मीं सोडलेला नाहीं आणि सूनबाईंनींहि त्यास हरकत घेतली नाहीं.

भिलारविषयीं एक चिंता मनांत आहे. डोंगरांतला पावसाळा पुस्तकांचा वैरी. जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक तेलापासून व पाण्यापासून जपण्याची विनवणी करीत. ती या कपाटांसहि लागू आहे. परंतु पाण्याहून मोठें भय न उघडण्याचें. मावशी रोज पुसत होत्या त्या पुस्तकांना धूळ लागली नव्हती, वाळवी लागली नव्हती. तरी तीं त्या घरीं अजून पोंचलीं नव्हतीं. तीं पोंचावयास कोणीतरी ओसरीवर बसून मोठ्यानें वाचणें जरूर होतें. आपल्या घरांतील कपाटांचीहि स्थिती याहून वेगळी नसावी.

ज्या वाचकांस जाणें जमेल त्यांनीं हिंवाळ्याच्या उत्तरार्धांत जावें, दोन दिवस काढावे आणि एखादें तरी पुस्तक घरच्या माणसांस ऐकूं जाईल अशा आवाजांत वाचावें. आमच्या घरीं परतल्यापासून शनिवारीं रात्रीं जेवणें उरकल्यावर अर्धा तास वाचन होतें. एक कविता मी वाचतों, एक गोष्ट सूनबाई वाचतात आणि चिंटूचें एक पान चिरंजीव वाचतात. गेल्या शनिवारीं त्यांस दोन पानें वाचावयाचीं होतीं. वेळ झाली होती. तरी वाचूं दिलीं.