डिसेंबरातलं चिखलदरा

विदर्भातल्या माणसाचं थंड हवेचं ठिकाण म्हणजे चिखलदरा, आणि तिथे जायची त्याची वेळही ठरलेली: जुलै-ऑगस्टमधला शनिवार-रविवार. त्या दिवसांत घाटात गाड्यांची रांग लागते, पॉइंटापॉइंटावर कणसं भाजण्याचा धूर असतो आणि कठड्यावरून दिसतं ते फक्त धुकं. काही जण मे महिन्यात जातात. त्यांनी आधी साधा हिशेब करावा. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. अमरावतीपासून चिखलदऱ्याची चढण पावणेआठशे मीटरच्या आसपास, म्हणजे फरक पाच अंशांचा. खाली 44 असेल तर वर 39. रात्र बरी जाते, दुपार नाही. मी डिसेंबर निवडला, आणि गाडी न काढता एसटीने गेलो.

परतवाड्याला आंबिया बहाराच्या संत्र्यांनी भरलेले ट्रक रस्ता अडवून उभे होते. चिखलदऱ्याच्या गाडीत शेजारी बसलेल्या काकांनी माझी पिशवी बघूनच ओळखलं. "आता काय पायाले चालले भाऊ? पाऊस त कवाच गेला." थंडी बघायला चाललो, म्हटलं. ते हसले आणि मफलर गुंडाळून झोपले.

धामणगाव गढी मागे पडली की तुरीची शेतं संपतात आणि सातपुडा एकदम भिंतीसारखा समोर उभा राहतो. गाडीत पुढे दोन कोरकू बायका मोठमोठ्याने बोलत होत्या. मला शब्द कळेना. कळणारही नव्हता, कारण कोरकू ना मराठीची बहीण, ना हिंदीची. तिचं गोत मुंडा भाषांचं, म्हणजे झारखंडातल्या संथाळी-मुंडारीचं. आपल्या गावापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर ही भाषा बोलली जाते आणि आपल्याला या मेळघाटाचं नाव निघालं की फक्त वाघ आणि कुपोषणाच्या बातम्या आठवतात.

गावात पोचल्यावर पॉइंट उरकले. हो, उरकलेच. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत फेकलं म्हणतात ती दरी, पाच वेळा आवाज परत देणारा पंचबोल, देवी पॉइंट. डिसेंबरात धबधबे नसतात, पण खालचं वऱ्हाड स्वच्छ दिसतं, आणि मला तेच हवं होतं. महाराष्ट्रात कॉफीचं गाव म्हणून चिखलदऱ्याचं नाव घेतात. उंच झाडांच्या सावलीतली झुडपं लाल फळांनी लगडलेली होती. हॉटेलात येऊन हौसेने कॉफी मागवली, तर पुडी फोडून दुधात ढवळलेली मिळाली. मग चहाच घेतला.

दुसरा दिवस मात्र सगळा गाविलगडाला दिला. सकाळी गवतावर दव इतकं होतं की पायमोजे ओले झाले. फरिश्ता सांगतो त्याप्रमाणे 1425 मध्ये अहमदशहा बहमनीने हा किल्ला उभारला. मग इमादशाही, मोगल, शेवटी नागपूरकर भोसले. दरवाजावरच्या दोन डोक्यांच्या गंडभेरुंडाकडे मी बराच वेळ मान वर करून बघत राहिलो. आत तलाव, पडकी मशीद, गवतात लोळणाऱ्या तोफा आणि भरपूर काटेरी झुडपं.

इथे डिसेंबरात येण्याला आणखी एक कारण आहे. 29 नोव्हेंबर 1803 ला अडगावच्या लढाईत भोसल्यांची फौज हरली आणि उरलेली या गडावर आली. पाठोपाठ इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, तोच पुढे वॉटर्लू जिंकणारा. दक्षिणेचा कडा चढणं अशक्य, म्हणून त्याच्या सोबतच्या स्टीव्हन्सनने जड तोफा ओढत डोंगरातून उत्तरेला नेल्या. वाटच नव्हती. माणसं आणि बैल ती करत गेले. 15 डिसेंबरला बाहेरच्या तटाच्या खिंडारातून फौज आत शिरली, पण आतल्या तटापुढे अजून एक घळ होतीच. कॅम्पबेल नावाच्या कप्तानाने शिड्या लावून तट ओलांडला आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलं. उत्तरेच्या त्या तटावर उभं राहिलं की तोफा कुठून आल्या असतील ते डोळ्यांनी मोजता येतं. पावसाळ्यात इथे पुढचं झुडूपही दिसलं नसतं. एवढा मोठा किल्ला, आणि तटावर माझ्याशिवाय होती ती सेल्फी काढणारी तीन कॉलेजची मुलं. खाली बोटिंगच्या तलावाशी मात्र रांग.

परतताना मोथ्याला उतरलो. हे गवळ्यांचं गाव. दुधाच्या बाजारपेठा लांब, दूध तिथवर टिकायचं नाही, म्हणून घरोघरी लाकडांच्या चुलीवर ते आटवून खवा करतात. चुलीच्या धुराची किंचित चव या खव्याला असते, मला ती आवडते. एका घरासमोर किलोभर मागितला. "घरी पोचेपर्यंत टिकेल ना, मावशी?"

मावशींनी कागदात गोळा गुंडाळला. "थंडीचा खवा हाये बाप्पा, काई नाई होत. पावसात येता तुमी लोक, मंग म्हंता आंबला."